बोंडअळीला कोणी घडवलं?

देवाने सृष्टी निर्माण केली की ती हळूहळू उत्क्रांत होत गेली, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा माकडापाशी येऊन अडतो. ‘माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?’ कोणीतरी विचारतं, हशा पिकतो, चहा येतो आणि विषय संपतो. जानेवारी २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीही असाच सूर लावला होता. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र येऊन खुलासा करावा लागला.

या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे. रामटेकच्या गडावर आपल्या हातातून प्रसाद हिसकावणारी वानरं आपले पूर्वज नाहीत, फार दूरचे चुलत भाऊ आहेत. चुलत भावाच्या पोटी आपण जन्मलेलो नसतो, आपला आणि त्याचा आजोबा एक असतो. चिंपांझी आणि माणूस यांचा असा समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला, वानरांचा आणि आपला त्याच्याही कितीतरी आधी. माकडाचं प्रकरण इथेच मिटवू.

खरा गोंधळ वेगळ्याच ठिकाणी होतो. ‘जीवसृष्टी कशी आली?’ या एका वाक्यात दोन प्रश्न दडलेले असतात. निर्जीव रसायनांतून पहिला सजीव कसा झाला, हा एक. आणि सजीव एकदा अस्तित्वात आल्यावर त्याच्यापासून कापूस, अळी, वाघ, संत्रं, माणूस इतके प्रकार कसे झाले, हा दुसरा. डार्विनच्या सिद्धांताचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला आहे. पहिल्यावर संशोधन चालू आहे आणि ते अजून पूर्ण झालेलं नाही. वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक सोयीप्रमाणे एकातून दुसऱ्यात उड्या मारतात, म्हणून आपण आधी दुसरा प्रश्न घेऊ. त्याचं उत्तर पाहायला नागपूरच्या लोकांना लांब जावं लागत नाही, वर्धा रोडवरून बाहेर पडून पऱ्हाटीच्या कोणत्याही वावरात उतरलं तरी पुरतं.

बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू मातीत असतो. त्याचं एक जनुक कपाशीत घातलं की झाडाच्या पानाबोंडांत एक प्रथिन तयार होतं. अळीने ते खाल्लं की ते तिच्या आतड्यातल्या पेशींवरच्या ठरावीक रेणूंना चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. ते रेणू आपल्या आतड्यात नाहीत, म्हणून आपल्याला त्याचं काही होत नाही. २००६ मध्ये दुसरं जनुक घातलेलं बियाणं आलं, तेच बीजी-टू. सुरुवातीची काही वर्षं कास्तकार खूश होता, बोंडअळीची फवारणी एकदम कमी झाली होती.

पण २०१० च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचं उघड झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भात जे झालं ते इथे कोणाला सांगायची गरज नाही. फुलं उमलायच्या ऐवजी पाकळ्या मिटलेल्या डोमकळ्या, वरून धडधाकट दिसणारी पण आतून पोखरलेली बोंडं, वेचायला गेलं की हाती कवडी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ तेव्हा गावोगावच्या अळ्या गोळा करून तपासत होते.

अळीला हे शिकवलं कोणी? कोणीच नाही. कोणतीही एक अळी विष खाऊन ‘सवय लावून घेत’ नाही. ज्या अळीच्या आतड्यावरचा रेणू नेहमीच्या आकाराचा आहे, ती मरते, तिचा विषय तिथेच संपतो. पण कोट्यवधी अळ्यांमध्ये एखादीच्या जनुकात नक्कल होताना आपोआप चूक झालेली असते. त्या चुकीमुळे तो रेणू थोडा वेगळा बनतो आणि विष त्याला नीट चिकटत नाही. बीटी यायच्या आधी त्या अळीला या चुकीचा काही फायदा नव्हता. बीटीने भरलेल्या शिवारात मात्र बाकीच्या मेल्या, ही जगली. तिची पिल्लं झाली, त्यांच्यातही तोच बदल उतरला. वर्षाला या किड्याच्या अनेक पिढ्या होतात. काही वर्षांत शिवारातल्या बहुतेक अळ्या त्याच वंशातल्या झाल्या. एकही अळी बदलली नाही, पण अळ्यांची जमात बदलली. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच. त्यात कोणाचा हेतू नाही, योजना नाही.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. त्यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण स्पष्टीकरण चांगलं की वाईट हे तिथे कळतं. असं होणार हे शास्त्रज्ञांनी आधीच सांगितलं होतं, आणि कसं टाळायचं हेही. बीटीच्या थैलीबरोबर नॉन-बीटीची एक छोटी पुडी यायची, आठवतं? ४५० ग्रॅम बीटी आणि १२० ग्रॅम साधं बी. ते धुऱ्याच्या कडेने चारही बाजूंनी लावायचं होतं. त्यामागचं गणित उत्क्रांतीचंच होतं. प्रतिकार देणारा तो बदल आई आणि बाप दोघांकडूनही मिळाला तरच अळी नीट तगते. एकाकडूनच मिळाला तर ती बहुधा मरते. बीटीतून वाचून पतंग झालेल्या मोजक्या अळ्यांना जोडीला आपल्यासारखेच वाचलेले पतंग भेटले, तर सगळी पिल्लं प्रतिकारक्षम. पण शेजारच्या साध्या पऱ्हाटीवर वाढलेले हजारो साधे पतंग उपलब्ध असले, तर जोडी बहुधा त्यांच्याशी जमते, आणि त्या जोडीची पिल्लं बीटी खाऊन मरतात. म्हणजे थोड्या अळ्या मुद्दाम जगवायच्या, प्रतिकार पसरू नये म्हणून.

पुड्या बहुतेकांनी लावल्या नाहीत. मी कास्तकाराला दोष देत नाही. तीन-चार एकरांच्या वावरात किड्यांसाठी पट्टा सोडा, असं कारण न समजावता सांगितलं तर कोण ऐकेल? त्यात फरदड. वेचणी संपल्यावरही पाणी देऊन कपाशी मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवली की अळीच्या जास्तीच्या पिढ्या त्याच शिवारात वाढतात, आणि निवड आणखी जोरात होते.

आता अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य बघा. किडा तोच, विष तेच, लागवड १९९६ पासून. तिथे साध्या कपाशीचे पट्टे नेमाने लावले गेले, नंतर विमानातून वंध्य केलेले पतंग सोडले गेले. प्रतिकार पसरला नाही, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. आपल्याकडचंच दुसरं उदाहरण घ्या. अमेरिकन बोंडअळी, म्हणजे हरभऱ्यावरची तीच आपली घाटेअळी, बीटीला गुलाबीइतकी बेफाम झाली नाही. कारण ती तुरीवर, हरभऱ्यावर, कित्येक पिकांवर जगते. तिच्यासाठी नॉन-बीटीचा पट्टा अख्ख्या विदर्भात आपोआप पसरलेला आहे. गुलाबी जवळजवळ फक्त कापूस खाते, तिला तशी पळवाट नव्हती.

याच्या शेजारी आता ‘देवाने प्रत्येक जीव जसा आहे तसा घडवला’ हे स्पष्टीकरण ठेवा. अळी बीटीला मेली, ही देवाची इच्छा. जगली, तीही देवाची इच्छा. ॲरिझोनात संपली आणि यवतमाळात माजली, तीही त्याचीच. हे खोटं ठरवता येत नाही, मान्य. पण त्यावरून धुऱ्यावर किती तासं नॉन-बीटीची लावायची, हेही कळत नाही. काहीही घडलं तरी जे जुळतं, ते काय घडणार हे सांगू शकत नाही. दोन स्पष्टीकरणांत उजवं कोणतं, याचा माझा निकष एवढाच आहे, की आधी सांगून ठेवून चुकण्याची तयारी कोणाची आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो टाकाऊ नाही. ‘अळी शेवटी अळीच राहिली ना? तिचं फुलपाखरू-पक्षी काही झालं नाही. छोटे बदल होतात, मान्य. पण एका जातीतून वेगळीच जात?’ त्यासाठी पंधरा वर्षांचा काळ पुरत नाही. जुने पुरावे बघावे लागतात. ते दोन ठिकाणी सापडतात, आपल्या पेशींत आणि दगडांत.

पेशींतला पुरावा समजायला नागपुरी संत्रं बरं. संत्र्यातलं क जीवनसत्त्व मिळालं नाही तर माणसाच्या हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. तुमच्या दारातल्या कुत्र्याने आयुष्यात एकही फोड खाल्ली नाही तरी त्याला असं काही होत नाही. गाय, बकरी, वाघ, उंदीर, बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. त्यासाठी लागणारं शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यातही आहे, पण मोडकं. काही तुकडे गायब, बाकीचे निकामी. गंमत पुढे आहे. चिंपांझी, गोरिला, माकडं यांच्यातही हेच जनुक मोडलेलं आहे, आणि मोडण्याच्या खुणाही आपल्याशी जुळतात. गिनीपिगमध्येही ते बिघडलंय, पण वेगळ्या रीतीने, कारण तो अपघात स्वतंत्र होता. समाईक पूर्वजात एकदा बिघाड झाला आणि वारशाने सगळ्यांकडे आला, असं मानलं तर हे सहज उलगडतं. त्या पूर्वजाच्या आहारात फळं-पानं भरपूर होती, म्हणून बिघाड खपून गेला. प्रत्येक जात स्वतंत्रपणे घडवली गेली असं मानायचं, तर घडवणाऱ्याने माणसात आणि माकडात तेच मोडकं जनुक, त्याच खुणांसह, मुद्दाम का ठेवलं, याचं उत्तर द्यावं लागतं. मला तरी ते अजून पटेल असं कोणी दिलेलं नाही.

दगडांच्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या लाव्हाचा काळा दगड, उमरेड-कामठीकडे त्याहून कितीतरी जुने कोळशाचे थर. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आलेले मिशनरी होते. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत ते नागपूरच्या परिसरात जीवाश्म गोळा करत हिंडले. आज जिथे पोलीस लाइन टाकळी आहे, त्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, बिया, फळं सापडली. १८५५ मध्ये त्यांचा अहवाल लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आला, डार्विनचं पुस्तक यायच्या चार वर्षं आधी. सृष्टिकर्त्यावर श्रद्धा असलेला धर्मोपदेशक हातोडी घेऊन दगड फोडत होता, हे आजच्या भांडणात कोणाच्या लक्षात राहत नाही.

या थरांचा क्रम पाहा. उमरेडचा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना. त्या काळच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाची जिभेसारखी पानं सापडतात, फूल एकही नाही. टाकळीचे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांचे, त्यात सपुष्प वनस्पती आहेत. उद्या उमरेडच्या खाणीत कोळशाच्या अखंड थरात आंब्याची कोय किंवा हत्तीची दाढ निघाली, तर उत्क्रांतीचा सिद्धांत गंभीर अडचणीत येईल. अशी एक वस्तू पुरेल. दीडशे वर्षांहून जास्त काळ जगभर खाणी खोदल्या जात आहेत, ती निघालेली नाही.

तपशील मात्र चुकतात, आणि एक चूक आपल्याच भागाने दुरुस्त केली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते. डायनोसॉर होते तोवर गवत नव्हतं, असा तेव्हा समज होता. भारतीय आणि परदेशी संशोधकांनी ही विष्ठा तपासली, तर तिच्यात गवताच्या पेशींत बनणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि गवताचा इतिहास मागे सरकवावा लागला. ‘बघा, शास्त्रज्ञ रोज मत बदलतात’ असं यावर कोणी म्हणेल. बदलतात, कारण पिसदुऱ्याचा दगड हातात आला. तो आला नसता तर बदललं नसतं.

आणि वेगळीच जात कशी होते, ते देवमाशाकडे पाहून कळतं. जम्मू-काश्मीरच्या कालाकोट भागात भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांत एका छोट्या, हरणासारख्या खुरवाल्या प्राण्याची हाडं होती. २००७ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, नाव इंडोह्यूस. त्याच्या कानाच्या हाडाला एक जाड कड आहे, तशी कड देवमाशांच्या कुळातच असते. त्याहून थोड्या अलीकडच्या काळातले, आखूड पायांचे, पाण्यात राहणारे देवमासे कच्छमध्ये सापडले. जमीन, किनारा, समुद्र असा तो प्रवास टप्प्याटप्प्याने दगडात आहे. शिवाय डीएनए वेगळ्या वाटेने तेच सांगतो, जिवंत प्राण्यांत देवमाशाचा जवळचा नातेवाईक पाणघोडा.

इथे कोणीतरी दशावतार काढतंच. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन… ‘आमच्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं.’ ही तुलना १८७७ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या मॅडम ब्लाव्हाट्स्कींनी मांडली, म्हणजे डार्विनच्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी. रामटेकच्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातला वराह आहे, नरसिंहाची दोन मंदिरं आहेत, त्रिविक्रमही आहे. ती घडवणाऱ्यांना प्राण्यांची वंशावळ दाखवायची नव्हती, विष्णूचा पराक्रम दाखवायचा होता. वराहापासून नरसिंह जन्मत नाही, प्रत्येक अवतार स्वतंत्र येतो. अर्धा सिंह-अर्धा माणूस हा उत्क्रांतीतला टप्पाही नाही. दशावताराला जीवशास्त्राचा दाखला चिकटवला की दोन्हींची किंमत कमी होते.

आता तो पहिला प्रश्न. पहिला सजीव कसा झाला? पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या खुणा आहेत, तेव्हा त्याआधी कधीतरी. १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणातून ठिणग्या सोडल्या आणि काही दिवसांत प्रथिनांचे घटक, अमिनो आम्लं, मिळवली. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत ती होती. बेनू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीत तर सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए आणि त्याचा भाऊबंद आरएनए यांची पाचही अक्षरं असल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. आरएनए माहिती साठवतो आणि रासायनिक क्रियाही घडवतो, हे दाखवणाऱ्या चेक आणि आल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. सामान बरंच जमलंय. पण त्या सामानातून स्वतःची नक्कल करणारी जिवंत पेशी प्रयोगशाळेत कोणी शून्यापासून उभी केलेली नाही. या जागी ‘देवाने केलं’ म्हणायची मुभा प्रत्येकाला आहे. फक्त विजेबद्दल, देवीच्या रोगाबद्दल, ग्रहणाबद्दलही एकेकाळी हेच म्हटलं जायचं, तेव्हा देवाला अशा तात्पुरत्या जागेत बसवणं भक्तालाच महागात पडतं, असं मला वाटतं.

उत्क्रांतीच्या सिद्धांताने देव नाही असं सिद्ध होत नाही, आहे असंही होत नाही. विसाव्या शतकातले मोठे उत्क्रांतीशास्त्रज्ञ थिओडोसियस डोबझान्स्की श्रद्धाळू ख्रिस्ती होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही, असं म्हटलं. खरं तर ‘डार्विन की देव’ ही दोनच दारं अमेरिकेतल्या वादातून आली आहेत, जिथे काही पंथांना सहा दिवसांत आणि सहा हजार वर्षांपूर्वी झालेली सृष्टी शब्दशः हवी आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा. जैन परंपरेत जग अनादी, त्याला कर्ताच नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही, असं पहिल्याच वाक्यात म्हटलं. त्यांच्या नातवंडांना हा वाद कुठून आला तेच कळत नाही. श्रद्धा जेव्हा ठोस दावा करते, पृथ्वी अमुक हजार वर्षांची, प्रत्येक जात वेगळी घडवली, तेव्हा तो दावा दगडाशी ताडून बघता येतो, आणि हे दोन्ही त्यात टिकले नाहीत. ती असा दावा करत नाही तेव्हा विज्ञानाला तिच्याशी भांडायचं कारण नाही.

भांडण कराव्याशा वाटणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. केंद्रीय मंडळाच्या शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या २०२३ च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, बारावीच्या जीवशास्त्रात राहिला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सही करून निषेध केला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा होता. त्यामुळे नागपूरच्या धरमपेठेतल्या एकाच गल्लीत राहणाऱ्या, त्या वर्षी दहावी होऊन वाणिज्य शाखेकडे गेलेल्या दोन मुलांपैकी एकाने शाळेत उत्क्रांती वाचली, आणि केंद्रीय मंडळातल्या दुसऱ्याने नाही.